जुन्या शब्दांचा कोंडवाडा

इंग्रजी भाषेंतील जुने शब्द नाहींसे होत चालले म्हणून हळहळणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांची हळहळ खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती सर्व शब्दांस सरसकट लागू करणें आम्हांस मान्य नाहीं. शब्द केवळ जुना म्हणून पूज्य ठरत नाहीं. तो कोणतें काम करीत होता, हें पाहूनच त्याची योग्यता ठरवावी लागते. उदाहरणादाखल आम्ही शब्दांचे दोन वर्ग घेतों : एक रासायनिक संयुगांचा, दुसरा ओढाळ गुरें कोंडण्याचा. संयुग म्हणजे ‘कंपाउंड’ आणि कोंडवाडा म्हणजे ‘पौंड’. पण हें साम्य निव्वळ नादाचें आहे. पहिला शब्द लॅटिनमधून आलेला, दुसरा अस्सल जुन्या इंग्रजीचा. आणि बंगल्याभोंवतींचें कंपाउंड तर मलायी ‘कंपोंग’पासून आलें असावें, असें कोशकार मानतात.

प्रथम रसायनशाळेकडे वळूं. जुने इंग्रज रसायनज्ञ गंधकाम्लास ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणत. तें तेल नव्हे. ‘शुगर ऑफ लेड’, म्हणजे शिशाची साखर, चवीला गोड खरी, पण विषच. ‘एप्सम सॉल्ट’ हें नांव गांवावरून, ‘ग्लॉबर सॉल्ट’ हें माणसावरून आणि मोरचुदाचें ‘ब्लू व्हिट्रिऑल’ हें रंगावरून पडलेलें. हे तिन्ही गंधकाम्लाचेच क्षार आहेत, हें त्या नांवांवरून कोणास कळावें? १७८७ सालीं लव्हाझिये, गितों द मोर्व्हो, बर्तोले व फुर्क्र्वा या चार फ्रेंच पंडितांनीं नवी नामपद्धति मांडली, तेव्हां हें नातें नांवांतच दिसूं लागलें. येथें जुन्याचा त्याग योग्यच होता.

तथापि सुधारकही चुकले. प्रत्येक अम्लांत प्राणवायू असतोच, या समजुतीनें त्यांनीं त्यास ‘ऑक्सिजन’, म्हणजे अम्लजनक, हें नांव दिलें. त्याच समजुतीपायीं क्लोरिन वायूस ‘ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिड’ म्हणत. १८१० सालीं डेव्हीनें तें मूलद्रव्यच असल्याचें प्रतिपादन केलें व त्याच्या हिरवट पिवळ्या रंगावरून त्यास आजचें नांव दिलें. सिद्धांतावर उभारलेलें नांव सिद्धांताबरोबर कोसळलें. डोळ्यांस दिसलें त्यावरचें टिकलें. ऑक्सिजन हें नांव मात्र त्या चुकीचें स्मारक म्हणून उरलें आहे.

कोंडवाड्याची गोष्ट निराळी. ‘पौंड’ अथवा ‘पिनफोल्ड’ हा इंग्लंडांतील गांवचा कोंडवाडा. ‘पिंडर’ हा त्याचा रखवालदार. शेक्सपिअरनें ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकांत नाण्याचा पौंड व गुरांचा पौंड यांवर श्लेष साधला. मिल्टननें ‘कोमस’मध्यें ही पृथ्वीच पिनफोल्ड ठरविली. ‘पौंड-ब्रीच’ म्हणजे कोंडवाडा फोडून आपलीं गुरें सोडवून नेण्याचा अपराध. ज्याचें शेत तुडविलें गेलें त्यानें भरपाई मिळेपर्यंत जनावर अडकवावें, आणि धन्यानें तें बळजबरीनें नेऊं नये, असा शेजारधर्म या एका शब्दांत सांठविलेला होता. अडकविण्याचा तो रूढीचा हक्क १९७१ च्या कायद्यानें रद्द करून त्या जागीं नवा हक्क लिहून दिला.

भेद येथेंच आहे. ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ गेलें, पण वस्तु राहिली व तिला वारस नांव मिळालें. पिंडर गेला तो वारसाविना. त्याच्याबरोबर त्या शेजारधर्माची आठवणही पुसट झाली, आणि शेक्सपिअरचा विनोद आज टीपेवांचून उमगत नाहीं. हळहळावयाचें तर या दुसऱ्या मृत्यूबद्दल हळहळावें.

मराठीनेंही हा विवेक ठेवावा. १८७१ चा कॅटल ट्रेसपास ॲक्ट इंग्रजी राज्यानें येथें आणला. त्यांत ‘पौंड’ शब्द आहे. पण आपल्या लोकांनीं कायदा पत्करला आणि शब्द घरचाच ठेविला : कोंडवाडा. तसेंच प्रयोगशाळेंत कॉपर सल्फेट खुशाल म्हणावें. मात्र बोर्डो मिश्रणासाठीं चुन्याशेजारीं मोरचूद मांडून बसलेल्या बागाइतदाराच्या तोंडचा शब्द अशुद्ध म्हणून हिणवूं नये. शास्त्रास नेमकें नांव हवें, संसारास ओळखीचें. एकासाठीं दुसऱ्यास कोंडून घालण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.