‘आज्ञापत्रा’तील अर्थविचार : सावकार, आरमार आणि राज्यकोश

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये राज्यकोश व नाणेटंचाई यांवर अनेक योजना मांडल्या गेल्या. १६९४ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडने सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड कर्ज दिले. १६९५ मध्ये विल्यम लाउंड्स यांनी नाण्याचे दर्शनी मूल्य वाढविण्याचे सुचविले. जॉन लॉक यांनी नाण्याचे मोल त्यातील चांदीवर ठरते, असे सांगून त्यास विरोध केला. मराठी राज्यात हे तत्त्व त्याआधीच व्यवहारात दिसते. १६७४ च्या तहाच्या वाटाघाटीत इंग्रजांनी आपले नाणे स्वराज्यात चालावे अशी मागणी केली, तेव्हा रयतेस तोट्याचे नाणे घेण्याची सक्ती करता येणार नाही, अशी शिवाजी महाराजांची भूमिका होती.

या पार्श्वभूमीवर रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ (सुमारे १७१५) वाचले पाहिजे. ग्रंथात टांकसाळीवर स्वतंत्र प्रकरण नाही. सावकारांवर मात्र आहे. सावकार ही राज्याची शोभा असून संकटसमयी द्रव्य त्यांच्याकडूनच मिळते, असे ग्रंथकार मानतो. म्हणजे कर्जाचा आधार संस्थेत नसून सावकाराच्या सुरक्षिततेत आहे. आरमाराच्या प्रकरणातही हाच विचार पुढे येतो : आरमाराचा खर्च पैदास्तीवर न सोपविता त्यासाठी मुलूख नेमून द्यावा, अन्यथा सावकारास उपद्रव होऊन सावकारी व जकात दोन्ही बुडतात.

ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. इनाम-वृत्तींमुळे राज्याचे उत्पन्न कायमचे घटते, असा इशारा तो देतो; परंतु राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्राचा कारभार पाहणाऱ्या अमात्यांच्या काळातच वतनदानाचा मार्ग अवलंबावा लागला होता. रोख द्रव्य नसता सैन्य कसे पोसावे, याचे उत्तर ग्रंथात नाही.

पुढे मालवणच्या किनाऱ्यावर त्या उपदेशाची कसोटी लागली. सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे असताना समुद्रातील लुटीची तक्रार इंग्रज सतत करीत राहिले आणि १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग त्यांच्या हाती गेले. या पराभवामागे इंग्रजांचे वाढते सामर्थ्य होतेच. तथापि आरमाराच्या वेतनाची निश्चित तरतूद नसल्यास व्यापार व राज्य दोन्ही धोक्यात येतात, हे ‘आज्ञापत्रा’ने जवळजवळ शंभर वर्षे आधी ओळखले होते. म्हणून या ग्रंथाकडे केवळ राजनीतीचा नव्हे, तर अर्थविचाराचा ग्रंथ म्हणूनही पाहणे आवश्यक ठरते.