शिवजन्मतिथि आणि प्रमाणविवेक

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद वाचकांस परिचित आहे. शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा एक पक्ष. शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे जुन्या इंग्रजी गणनेनें १९ फेब्रुवारी १६३०, हा दुसरा. महाराष्ट्र शासनानें २००१ मध्यें दुसरा पक्ष स्वीकारला. तथापि शासनाच्या स्वीकारानें तिथि सिद्ध होत नाहीं. ती प्रमाणांनींच होते. म्हणून निर्णयापेक्षां निर्णयाची रीत येथें पाहावयाची आहे.

पहिल्या पक्षाचा मुख्य आधार उत्तरकालीन बखरी. एकीवरून दुसरी उतरली असल्यास पांच बखरींची साक्षही एकच ठरते. उलट, लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणलेली जेधे शकावली दुसरी तिथि देते व शुक्रवार हा वारही सांगते. गणितानें तो जुळतो. पुढें कवींद्र परमानंदाचें शिवभारत प्रसिद्ध झालें. हा कवि महाराजांचा समकालीन. त्यानें शक शब्दांनीं सांगितला आहे: पृथ्वी एक, बाण पांच, प्राण पांच, चंद्र एक. असे अंक उजवीकडून वाचावेत हा नियम. पण येथें कोणीकडूनही वाचले तरी १५५१ च येतात. शिवाय संवत्सराचें नांव शुक्ल दिलें आहे, आणि शके १५५१ चा संवत्सर शुक्लच. हस्तदोषाच्या शंकेस येथें फारशी जागा उरत नाहीं.

समकालीन कवीही चुकेल, हा पूर्वपक्ष रास्त आहे. परंतु एक घराण्याची टिपणें व दुसरें दरबारी काव्य, अशीं भिन्न जातीचीं दोन साधनें एकाच तिथीवर यावींत, याचें उत्तर त्यानें मिळत नाहीं. एवढ्यावरून बखरी सर्वथा त्याज्य ठरतात असेंही नव्हे. या एका मुद्द्यावर त्यांचें बळ कमी पडतें, इतकेंच.

नैयायिकांनीं वाद आणि जल्प यांत भेद केला आहे: वादाचा हेतु तत्त्वनिर्णय, जल्पाचा जय. आमच्या इतिहासचर्चेंत जल्पच फार. यांत आम्ही स्वतःस वगळीत नाहीं. कित्येक वर्षें आम्हीं वर्गांत १६२७ हेंच वर्ष शिकविलें. "सर, याला आधार काय?" असें एका विद्यार्थ्यानें विचारलें, तेव्हां "पुस्तकांत आहे" असें सांगून त्यास खालीं बसविलें. शिवभारताची प्रत त्या वेळीं आमच्याच कपाटांत होती.

कोणतें प्रमाण मिळाल्यास आपण मत बदलूं, हें ज्यास सांगतां येत नाहीं त्यानें पक्ष मांडलेला नसून अभिमान मांडलेला असतो. उद्यां याहून जुना, स्वतंत्र व शुद्ध लेख सांपडला तर १५५१ ही सोडावा लागेल. ती तयारी आजच असली पाहिजे.