उत्तर आलं नाही म्हणजे आवड नाही?

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टर्फचं मैदान येतं. आज बोलायचंय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल, तेही अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या. पण माझी खरी तक्रार खेळाबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, हे त्याचं सार. खेळाच्या संधींबाबत कॉलेजपुढे तीन वाटा असतात, त्यातली एक पाळली तरी चालतं. एक, खेळाडूंमध्ये मुलींचा वाटा विद्यार्थिनींच्या वाट्याइतका असणं. दोन, मुलींच्या संधी सातत्याने वाढवत नेणं. तीन, मुलींची जेवढी आवड आणि क्षमता आहे तेवढी पूर्णपणे सामावून घेणं.

घोळ तिसऱ्या वाटेत आहे. आवड मोजायची कशी?

२००५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने एक सोपा उपाय सांगितला: विद्यार्थिनींना ईमेलने प्रश्नावली पाठवा. काही अटी पाळल्या असतील, तर उत्तर न देणारीला ‘आवड नाही’ असं धरता येईल!

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून ठेच लागेल. उपकरण चालू असताना आलेलं शून्य आणि उपकरण बंद असताना आलेलं शून्य, ही दोन वेगळी शून्यं आहेत. न आलेलं उत्तर म्हणजे ‘नाही’ नव्हे. ते फक्त न आलेलं उत्तर असतं.

पण समजा, सगळ्या मुलींनी उत्तरं दिली. तरीही मोठी अडचण उरतेच. आइस हॉकी हा अठराव्या वर्षी सहज सुरू करण्यासारखा खेळ नाही. लहानपणापासून स्केटिंग हवं, महागडं साहित्य हवं, जवळ रिंक हवी. एवढं करून जी मुलगी तयार होते, ती कॉलेज निवडताना काय बघेल? संघ आहे का, हे. म्हणजे ज्या कॉलेजात संघ नाही, तिथे ती जाणारच नाही. मग त्याच कॉलेजात पाहणी करून ‘आमच्याकडे कुणाला आवड नाही’ म्हणायचं! बंद दुकानापुढे गिऱ्हाईक मोजण्यासारखंच हे.

न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठात तर मुली समोर उभ्या होत्या. त्यांचा हॉकी क्लब होता, अधिकृत संघाच्या दर्जासाठी त्यांनी अनेकदा अर्ज केले होते. दर वेळी नकार. कारणं अशी: शाळेत मुली हा खेळ फारशा खेळत नाहीत, राष्ट्रीय स्पर्धा नाही, खर्च जास्त, विद्यार्थ्यांना रस नाही. नीट बघा, यातली बहुतेक कारणं म्हणजे संधी नसल्याचेच परिणाम आहेत. मुली कोर्टात गेल्या आणि १९९२ मध्ये जिंकल्या. पण १९९३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, कारण तोवर त्यांचं शिक्षण संपत आलं होतं किंवा संपलं होतं. पुढच्या मुलींनी पुन्हा दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि अधिकृत संघ मिळाला. पहिल्या मुलींना मात्र तो कधीच मिळाला नाही. कॉलेजची चार वर्षं कुणासाठी थांबत नाहीत.

संधी दिल्यावर आवड वाढते, याला पुरावा काय? शाळांचे आकडे बघा. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूल संघांत ३ लाखांहून कमी मुली होत्या. १९७७-७८ पर्यंत त्या २० लाखांच्या वर गेल्या. सहा वर्षांत मुलींचा स्वभाव सातपट बदलला, असं कुणी म्हणणार नाही. अर्थात, हे आकडे सगळ्या खेळांचे आहेत, आणि त्या काळात समाजही बदलत होता. सगळं श्रेय एका कायद्याला देणं हेही घाईचं होईल. पण ‘आवड आधी, संधी नंतर’ हा क्रम या आकड्यांपुढे टिकत नाही.

कॉलेजांची बाजूही खोटी नाही. बर्फ गोठवून ठेवायला खरोखर पैसा लागतो, प्रत्येक खेळाचा संघ प्रत्येक ठिकाणी उभा राहू शकत नाही. मग ‘पैसे नाहीत’ असं सरळ म्हणावं. त्यावर वाद घालता येतो. ‘मुलींनाच नको आहे’ म्हटलं की वाद संपतो, आणि दोष मुलींवर जातो.

२०१० मध्ये शिक्षण खात्याने ते २००५ चं धोरण मागे घेतलं. नुसत्या पाहणीवर विसंबू नका, क्लबमधल्या मुली, त्यांच्या मागण्या, आसपासच्या शाळांत काय खेळलं जातं, हे सगळं बघा, असं सांगितलं. आवड मोजायची तर निदान एवढं तरी बघायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी ‘पाहणीत मुलींना रस नसल्याचं आढळलं’ असं कुठेही वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा: ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना कुठे मोजलं? आणि ज्या मुली तिथपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांना कुणी विचारलं?