सभा गप्प का बसते?

आमच्या सुलतानपूरकडे सप्ताहात द्रौपदी वस्त्रहरण रंगवून सांगतात. कृष्ण साडी पुरवतो, विठ्ठलाचा गजर होतो, गोष्ट संपते. पण महाभारतात वस्त्राला हात लागण्याआधीच द्रौपदीने एक प्रश्न विचारलेला असतो. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? प्रश्न साध्या क्रमाचा आहे. जो स्वतःच दास झाला, त्याला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. विदुर आणि विकर्ण तिच्या बाजूने बोलतात, त्यांचं कुणी ऐकत नाही. शेवटी अपशकुनांना घाबरून धृतराष्ट्र वर देतो आणि पांडव सुटतात. प्रश्न तसाच राहतो.

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचताना मला हीच सभा दिसते. ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः आलेली ही कादंबरी १८९३ मध्ये पुस्तकरूपात आली. नवऱ्याने यमूला लिहा-वाचायला शिकवलं. तो गेल्यावर तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. द्रौपदीला केस धरून सभेत ओढत आणलं, यमूचे केसच काढून टाकले. दोन्हीकडे अपमान केसांपासून सुरू होतो आणि दोन्हीकडे जाणती माणसं शास्त्राआड लपतात.

फरक जागेचा आहे. द्रौपदीची विटंबना भर दरबारात होते, यमूची घराच्या चार भिंतींत. इथे राजे नाहीत, शंकरमामंजींसारखे घरचेच लोक आहेत. म्हणून यमूची गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते. अशी सभा कोणत्याही वाड्यात भरू शकते.

दुसरा फरक चमत्काराचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग मूळ संहितेत घेतलेला नाही, तरी वस्त्रं येतच राहतात. यमूसाठी काहीच येत नाही. हरिभाऊंनी तिला फक्त लेखणी दिली. आपली हकिगत ती स्वतः सांगते, आणि आता ऐकणारी सभा म्हणजे वाचक.

तिकडे संमतिवयाच्या कायद्यावरून रान पेटलं होतं, १८९१ मध्ये तो झालाही. त्याच दिवसांत घरोघरी ‘करमणूक’ वाचणाऱ्यांना शीर्षकच विचारत होतं, लक्षात कोण घेतो? चमत्कार आला की सभा सुटते. हरिभाऊ कुणालाच सुटू देत नाहीत, मोबाईलवर वाचणाऱ्या आपल्यालाही नाही.