कथास्पर्धेतली एन्ट्री
गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक असून कथा लिहीत, मग बी.कॉम. झालेल्या बँक कारकुनाने का लिहू नये? गेल्या खेपेच्या तिन्ही बक्षीसपात्र कथा वाचल्या. तिन्हींत मरण, दोहोंत पाऊस! मीही नायिकेला तिसऱ्याच पानावर असाध्य आजार जडवला. शेवटी पाऊस पाडला, तोही मे महिन्यात. पण शब्द दोनशे जादा भरले. मग खात्यात काही जमा-नावे नसतानाही रोज पासबुक भरायला येणारे, दोन शब्द बोलून जाणारे पेन्शनर आजोबा कापले. ताळा जुळला.

पहिला खर्डा वाचलेली ही म्हणाली, "अहो, नायिका मारलीत ते ठीक. पण कथेत एकच माणूस जिवंत होता, तो कशाला कापलात?"

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आजोबा हजर. पासबुक सरकवत म्हणाले, "बघा बरं, आमची काही एन्ट्री आहे का?"