एका जुन्या छायाचित्राविषयीं

मेक्सिकोच्या वायव्य किनाऱ्यावरील एन्सेनादा येथील ‘रिव्हिएरा देल पासिफिको’ या हॉटेलाचें एक जुनें छायाचित्र परवां एका स्नेह्यांच्या संग्रहांत पाहावयास मिळालें. पांढऱ्या भिंती, कमानींची रांग, उतरतीं कौलारू छपरें, त्यांवर डोकावणारा मनोरा आणि पुढें बाग. माणूस मात्र एकही नाहीं. स्नेह्यांच्या मतें चित्र शांत आहे म्हणूनच सुंदर आहे. मला ती शांतता जरा संशयास्पद वाटते.

हें हॉटेल १९३० सालीं उघडलें, तें कांहीं केवळ हवापालटासाठीं नव्हे. अमेरिकेंत १९२० पासून दारूबंदी होती. सरहद्दीपासून सुमारें ७० मैल दक्षिणेस आलें कीं येथें प्याला आणि जुगार दोन्ही राजरोस मिळत. १९१९ ते १९२६ पर्यंत मुष्टियुद्धांत जगज्जेता असलेल्या जॅक डेम्प्सीचें नांव या उपक्रमाशीं जोडलेलें होतें. त्यावरून गिऱ्हाईक कोठचें हें समजतेंच. ज्या वास्तूचा प्राणच गलबला, तिचें चित्र घेतांना छायाचित्रकारानें नेमका गलबला तेवढा वगळला! समुद्रकांठचें हें हॉटेल, पण चित्रांत समुद्रही नाहीं. हा दोष मानावा कीं नकळत घडलेला प्रामाणिकपणा? पाहुणे समुद्रासाठीं येत नव्हते, एवढें तरी त्यानें खरें सांगितलें.

वास्तूचें रूपही सरळ नाहीं. या कमानी व हीं कौलें पाहून आपण ‘अस्सल मेक्सिको’ म्हणून मोकळे होतों. परंतु जुन्या स्पॅनिश घरांची ही नवी आवृत्ति लोकप्रिय केली ती १९१५ च्या सॅन दिएगो येथील प्रदर्शनानें. म्हणजे मेक्सिकोचें रूप कॅलिफोर्नियांत शिवून तें मेक्सिकोलाच परत नेसविलें गेलें. पाहुण्यास परदेश हवा, पण ओळखीचा हवा. चित्रांतील बेतशीर रचना हीच भूक भागविते.

तरीही कमानींखालची सावली मात्र खरोखर सुरेख साधली आहे. तिच्या काळेपणांत थोडा वेळ नजर मुरली कीं बाहेरची पांढरी भिंत डोळ्यांना झोंबते. तेथें छायाचित्रकार मालकाचें काम विसरून स्वतःसाठीं पाहत होता, असें मी समजतों.

पुढें १९३३ सालीं अमेरिकेंतील दारूबंदी उठली. १९३५ सालीं अध्यक्ष लाझारो कार्देनास यांनीं जुगाराचे अड्डे बंद केले. १९३८ सालीं हॉटेलही मिटलें. हें ठाऊक झाल्यावर ती रिकामी बाग उदास भासूं लागते. पण ही उदासी चित्राची नव्हे, पाहणाऱ्याची. टीकाकारानें ती चित्राच्या नांवावर जमा करूं नये.

आज ही वास्तु गांवाचें सांस्कृतिक केंद्र आहे. गांवकऱ्यांचे समारंभ तेथें होतात. त्या गर्दीचें एखादें छायाचित्र मिळवून दोन्ही शेजारीं लावावीं, असें मीं स्नेह्यांना सुचविलें आहे.