आंतरजालावरील स्वामित्वहक्काची अंमलबजावणी आणि सामान्य कलावंत : एक चिकित्सा

प्रस्तावना : स्वामित्वहक्क कायदा, १९५७ हा निर्मात्याचा हक्क व समाजाची गरज यांत तोल साधू पाहतो. आंतरजालावर मात्र या कायद्याची अंमलबजावणी प्रथम यंत्राच्या हाती गेली आहे. तिचा सामान्य कलावंतावरील परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : मीरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या वस्तीतील एखाद्या भजनी मंडळाने गणेशोत्सवात तुकोबांचा अभंग गाऊन त्याची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली, असे समजू. सतराव्या शतकातील त्या शब्दांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. चाल पारंपरिक असेल तर तीही सर्वांची. आधुनिक संगीतकाराची असेल तर ती त्याच्या निधनानंतर ६० वर्षे संरक्षित राहते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पण तो त्या मुद्रणापुरताच. शिवाय कलम ३८ नुसार मंडळातील गायक-वादक स्वतःच सादरकर्ते म्हणून हक्कधारक ठरतात. शब्द, चाल, मुद्रण व सादरीकरण हे चार पदर कायदा वेगळे करतो. यूट्यूबची २००७ पासूनची कंटेंट आयडी यंत्रणा मात्र केवळ साम्य शोधते. त्या साम्यामागील हक्क कोणाचा, हे ती ठरवू शकत नाही.

तक्रारीची प्रक्रियाही एकांगी आहे. २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ नुसार मध्यस्थाने लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता येतो. करावाच लागतो, असे नाही. दहा दिवसांच्या उत्सवातील भजन २१ दिवसांनी परतले, तरी त्याचा श्रोता पांगलेला असतो. यूट्यूबच्या धोरणानुसार ९० दिवसांत तीन ताकिदी मिळाल्यास वाहिनीच बंद होऊ शकते. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० दाद देते. परंतु वकिलाचा खर्च पेलून न्यायालयात जाणे भजनी मंडळाच्या आवाक्यातले नाही.

कठोर अंमलबजावणीची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा न्याय्य वाटा दिला. चोरी रोखली नाही, तर तो कागदावरच राहील.

निष्कर्ष : दोष संरक्षणात नसून सिद्धतेचा भार दुर्बलावर टाकण्यात आहे. आपला हक्क चार पदरांपैकी कोणत्या पदरावर आहे, हे तक्रारदाराने स्पष्ट करणे बंधनकारक असावे. मुदतीत आदेश न आल्यास मजकूर परत खुला करणे अनिवार्य असावे. आणि खोट्या दाव्याची भरपाई न्यायालयाबाहेरही मिळावी. अन्यथा लोकपरंपरेचा वारस स्वतःच्याच परंपरेत परका ठरेल.